छोटी गाडी आणि जागेचे भाडे

छोटी मोटार रोजच्या वापराला परवडते का, हा प्रश्न आपल्याकडे किमतीच्या आणि ‘ॲव्हरेज’च्या भाषेत विचारला जातो. शोरूममध्ये किती पडते, लिटरमागे किती किलोमीटर देते, मागे तिघे नीट बसतात का, घाटात एसी लावून चढते का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण जपान आणि भारत या दोन देशांतला छोट्या गाड्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, तर त्यांची उत्तरे अपुरी वाटू लागतात. एकाच घराण्यातल्या गाड्या एका देशात आजही रुजलेल्या आहेत आणि दुसऱ्या देशात तीस वर्षे राज्य करून ओसरल्या. यंत्र जवळपास सारखे, रस्ते दोन्हीकडे अरुंद, मग फरक कुठे पडला? गाडी शहराची जी जागा अडवते तिचा हिशेब जपानने मालकाकडे मागितला आणि आपण कधी मागितलाच नाही, हे त्याचे कारण आहे. छोटी गाडी शहाणपणाची ठरते की नाही, हे गाडीपेक्षा या हिशेबावर अधिक अवलंबून असते.

जपानमधली सुरुवात गरिबीतूनच झाली. युद्धानंतर लोकांकडे पैसा नव्हता, पोलाद आणि पेट्रोल महाग होते. १९४९ मध्ये सरकारने हलक्या वाहनांचा ‘केई’ हा स्वतंत्र वर्ग ठरवला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची मर्यादा ३६० सीसी इंजिन, तीन मीटर लांबी आणि १.३ मीटर रुंदी अशी पक्की झाली. १९५५ मध्ये सुझुकीची ‘सुझुलाइट’ आली. १९५८ मध्ये आलेल्या ‘सुबारू ३६०’ने तीन मीटरच्या आत चार माणसे बसवून दाखवली. ती गाडी बनवणारी कंपनी पूर्वीच्या विमान कारखान्याची वारस होती आणि वजन वाचवण्याची विद्या तिला तिथूनच मिळाली होती. पुढे देश श्रीमंत झाला तशी मर्यादा सैल होत गेली : १९७६ मध्ये ५५० सीसी, १९९० मध्ये ६६० सीसी आणि १९९८ पासून ३.४ मीटर लांबी व १.४८ मीटर रुंदी. इंजिन वाढले, सुरक्षिततेसाठी लांबीही वाढू दिली. रुंदी मात्र अर्ध्या शतकात जेमतेम वीतभर वाढली.

या वर्गाला सवलतीही तशाच मिळाल्या. १९६२ च्या कायद्याने जपानमध्ये गाडी घेणाऱ्याला ती ठेवायला स्वतःची जागा असल्याचा पुरावा देणे भाग पडू लागले. केई गाड्या सुरुवातीला या अटीतून मोकळ्या होत्या, आणि आजही अनेक ग्रामीण भागांत आहेत. वर्षाकाठी भरायच्या करातही तफावत आहे. केईला १०,८०० येन, एक लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या नव्या साध्या गाडीला २५,००० येन, दोन लिटरच्या गाडीला ३६,००० येन. हा कर दरवर्षी भरावा लागतो, म्हणून गाडी जुनी झाली तरी तिच्या आकाराचा विसर पडत नाही. आज जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश या वर्गातल्या असतात, आणि त्या घेणारे सगळेच काही गरीब नसतात.

जपानी माणूस स्वभावतःच आटोपशीर, त्याला लहान वस्तूच आवडतात, असे स्पष्टीकरण यावर कोणी देईल. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९७३ मध्ये केई गाड्यांनाही सक्तीची तपासणी लागू झाली, त्याच सुमारास धुराचे नियम कडक झाले, आणि काही वर्षांत या वर्गाची विक्री निम्म्याच्या आसपास घसरली. होंडाने १९७४ मध्ये केई मोटारी बनवणेच थांबवले आणि पुढची दहा वर्षे ती त्या वाटेला गेली नाही. वर्ग पुन्हा सावरला तो १९७९ मध्ये सुझुकीच्या ‘ऑल्टो’मुळे. ती गाडी नोंदली होती मालवाहू वर्गात, कारण मालवाहू गाडीला वस्तुकर लागत नव्हता. त्यामुळे तिची किंमत ४,७०,००० येन इतकी खाली ठेवता आली. स्वभाव दहा वर्षांत दोनदा बदलत नाही, नियम बदलतात. जपानी ग्राहकाचे लहान गाडीवरचे प्रेम नियमांच्या चढउतारांबरोबर कमीजास्त होत गेले आहे.

भारतात छोट्या गाडीचे स्वप्न याच काळातले. कुर्ल्यात बनणारी फियाट आणि बंगालमधली ॲम्बॅसेडर यांपेक्षा लहान, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गाडी हवी, अशी चर्चा १९५०च्या दशकाअखेरीपासून सरकारी समित्यांत होत होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने बांधून रस्त्यावर चालवून दाखवले. कारखान्यातले उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. परवान्यांच्या त्या राज्यात कोणती गाडी निघणार हे ग्राहकाच्या गरजेवर ठरत नव्हते. अखेर १९८२ मध्ये मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ रस्त्यावर आली. ही गाडी म्हणजे जपानमधल्या केई गाडीचेच भारतीय रूप, फक्त इंजिन ५४३ ऐवजी ७९६ सीसी. नंतरच्या रूपात तिची लांबी ३.३३ मीटर, रुंदी १.४४ मीटर, वजन साडेसहाशे किलोच्या घरात. पेठेतल्या बोळापासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत ती तीस वर्षे चालली. पण जपानमध्ये जे तिचे भूषण होते त्या आकाराचे येथे कोणी मोल केले नाही. लोकांनी ती घेतली कारण ती इतरांहून स्वस्त होती, सुटसुटीत होती आणि बंद पडत नव्हती.

त्यामुळेच टाटांच्या ‘नॅनो’ची गोष्ट अटळ होती. पुण्यात आकाराला आलेली ही गाडी जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत जगापुढे आली. ३.१ मीटर लांबी, मागे बसवलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, चार मीटरच्या त्रिज्येत वळण्याची सोय, आणि बाहेरून मारुतीहून लहान असूनही आत अधिक ऐसपैस. शहरी गाडी म्हणून हा अव्वल दर्जाचा अभियांत्रिकी विचार होता. पण गाजली ती एक लाखाची गाडी म्हणून. बंगालमधल्या सिंगूरमधून कारखाना गुजरातमधल्या साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, किंमत वाढत गेली, ही कारणे खरीच आहेत. त्यांहून खोलवर गेला तो ‘स्वस्त’ हा शिक्का. रतन टाटा यांनीही पुढे ही चूक बोलून दाखवली. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची असताना सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, विक्री पाऊण लाखाच्या आत राहिली, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबले. वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या ‘क्यूट’चेही तेच झाले. २.७५ मीटर लांब, २१६ सीसी, ताशी ७० किलोमीटर वेग : शहरापुरते पाहिले तर पुरेसे. पण तिला कोणत्या वर्गात बसवायचे यावर वर्षे गेली. २०१९ मध्ये ती सुमारे अडीच लाखांना मिळू लागली तेव्हा थोडे आणखी पैसे घातले की मारुतीची ऑल्टो येत होती. लहान असण्याचा फायदा जर केवळ काही हजारांचा, तर ग्राहक मोठी गाडी घेतो. त्याला दोष देता येत नाही.

भारताने लहान गाडीला सवलत दिलीच नाही असे मात्र नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. सप्टेंबर २०२५ पासून अशाच गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी आहे. पण या पट्टीने काय घडवले ते पाहावे. सेडान गाड्यांची डिकी कापली गेली. २०१२ ची ‘डिझायर’ त्यासाठीच ४.१६ मीटरवरून ३.९९५ मीटरवर आली. पाठोपाठ चार मीटरला पाच-सहा मिलिमीटर कमी अशा उंच, जड एसयूव्ही आल्या. त्यांतल्या ‘ब्रेझा’ची रुंदी १.७९ मीटर आहे, म्हणजे मारुती ८०० पेक्षा पस्तीस सेंटिमीटर जास्त. जपानने रुंदी बांधून ठेवली, आपण ती मोजलीच नाही. त्यातही सवलत एकदाच, खरेदीच्या वेळी. महाराष्ट्रातला मोटार वाहन करही गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत एकरकमी भरायचा. गाडी किती जागा घेते हा प्रश्न त्यात नाही.

रुंदीवर एवढा भर का, तर शहराला ती सर्वांत महाग पडते. चालत्या रस्त्यावर लहान गाडीचा फायदा थोडाच असतो, हे मान्य केले पाहिजे. दोन गाड्यांमध्ये सोडावे लागणारे अंतर लहान-मोठ्या दोघींनाही सारखेच लागते. खरा फरक उभ्या गाडीत पडतो, आणि खासगी गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते. शंभर मीटर कडेला, मध्ये मीटरभर अंतर ठेवून, मारुती ८००च्या लांबीच्या तेवीस गाड्या लागतात, ४.४ मीटरच्या अठराच. पण सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या, तर १.४४ मीटर रुंदीच्या गाड्यांमध्ये ३.१ मीटरची वाट उरते आणि १.८ मीटरच्या गाड्यांमध्ये २.४ मीटरची. पहिल्या वाटेने रुग्णवाहिका आरामात जाते, दुसरीत चालकाला आरसे मिटावे लागतात. सदाशिव पेठ असो की गिरगाव, गल्ल्या रुंद झालेल्या नाहीत. गाड्या झाल्या आहेत. या खर्चाचे बिल गाडीमालकाच्या घरी येत नाही, ते गल्लीतले सगळे मिळून भरतात.

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत नॅनो आणि ऑल्टो ८०० यांना शून्य तारे मिळाले, आणि छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा हे मत घट्ट झाले. त्याच चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोलाही शून्यच मिळाले होते आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार, ही गोष्ट मागे पडली. तारे आकाराने नव्हे, सांगाडा आणि साधनांनी ठरले. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीतला माणूस अधिक धोक्यात असतो, हे भौतिकशास्त्र खरेच आहे. पण मग जड गाडीची सुरक्षितता दुसऱ्याच्या जिवावर विकत घेतलेली असते. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर मेलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते, शिवाय पादचारी वेगळे. या लोकांच्या बाजूने पाहिले तर समोरची गाडी हलकी आणि बुटकी असलेली बरी. एअरबॅग, चाचण्या आणि बीएस-६ हे धुराचे निकष यांचा खर्च लहान-मोठ्या गाडीला जवळपास सारखाच येतो, म्हणून स्वस्त गाडीवर त्याचा भार प्रमाणाबाहेर पडतो, ही तक्रार योग्य आहे. तिचे उत्तर सुरक्षितता कमी करण्यात नाही. स्वस्ताई हाच लहान गाडीचा एकमेव आधार ठेवू नये, एवढेच त्यातून निघते.

दुसरा आक्षेप कुटुंबाचा. गणपतीला सामानासकट पाच जणांनी कोकणात जायचे तर लहान गाडी कशी पुरणार? पुरणार नाही. पण वर्षातल्या पाच-सात दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस मोठी गाडी कडेला उभी ठेवणे परवडते, कारण ती उभी करायला काही लागत नाही. त्या उभ्या राहण्याला मासिक भाडे पडले, तर हेच कुटुंब रोजच्याला लहान गाडी आणि कोकणासाठी रेल्वे, एसटी किंवा भाड्याची मोठी गाडी असा हिशेब सहज करील. तिसरा आक्षेप असा की, ही सगळी कामे दुचाकी आणि बस करतातच. एकट्या तरुणासाठी ते बरोबर आहे, आणि लहान गाडी हा बसला पर्याय म्हणून कोणी मांडू नये. पण पावसात मुलांना शाळेतून आणायचे असते, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायचे असते, आणि ज्या घरात मोटार येणारच आहे तिथे निवड लहान की मोठी एवढीच उरते.

अलीकडच्या विजेच्या गाड्यांनी हा मुद्दा अधिक स्पष्ट केला आहे. बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्ये आली, २०२३ मध्ये एमजीची तीन मीटरच्या आतली ‘कॉमेट’. तिची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे गाडी लहान असल्यामुळे लहान. पण सुरुवातीची किंमत जवळपास आठ लाख. लहान म्हणजे स्वस्त, हे समीकरण आता मोडले आहे. यापुढे अशा गाडीला केवळ आकाराच्या गुणावर उभे राहावे लागेल, आणि आकाराला बाजारभाव नसेल तर ती हौसेची वस्तू होऊन राहील. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण मंजूर केले, पण विरोधापुढे ते कागदावरच राहिले. २०२५ मध्ये, जागेचा पुरावा नसेल तर गाडीची नोंदणी नाही, असा विचार राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी बोलून दाखवला. जपानने हेच १९६२ मध्ये केले होते. असा नियम करताना लांबीबरोबर रुंदी मोजली, कर एकरकमी न घेता दरवर्षी घेतला आणि रस्त्याकडेच्या जागेला भाडे लावले, तर छोट्या गाडीची शिफारस कोणाला करावी लागणार नाही. ते होईपर्यंत मोठी गाडी घेणारा ग्राहक स्वतःपुरता शहाणाच ठरेल. त्याच्या शहाणपणाची किंमत शहर भरत राहील.