मलाक्का, १५१०: वाऱ्याची वाट पाहणारं बंदर

साल १५१०. डिसेंबर संपत आलाय आणि मलाक्का नदीवरच्या लाकडी पुलावर तुम्ही मधोमध अडकून पडला आहात. पुढे जावाच्या हमालांनी तांदळाची पोती टेकवलीत, मागे कुणा चिनी व्यापाऱ्याच्या भांड्यांच्या पाट्या येऊन भिडल्यात. पुलावरच दुकानं थाटलेली असल्यामुळे बाजूला व्हायलाही जागा नाही. खाली नदी काही फार रुंद नाही, पण तिच्या मुखापाशी नांगरलेली तारवं मोजायला बसलात तर दुपार उलटेल.

तुम्ही दाभोळचे. खंबायतच्या एका कापडवाल्या शेटजींचे कारकून. फाल्गुनात त्यांच्या गलबतावर चढलात ते कापडाची गाठोडी, नीळ, अफू आणि गुलाबपाणी घेऊन थेट इथे उतरलात. तुमच्यासारखे इथे बरेच आहेत. कैरो, एडन, होर्मुझ, बंगाल, पेगू, सयाम, चीन, ऱ्यूक्यू बेटं, सगळीकडची माणसं या दोन काठांवर नांदताहेत. दोन वर्षांनी इथे येणारा पोर्तुगीज औषधविक्या तोमे पिरेश लिहून ठेवणार आहे की या बंदरात ८४ भाषा बोलल्या जातात. परदेशी व्यापाऱ्यांच्या त्याच्या लांबलचक यादीत चौल, दाभोळ आणि गोव्याचीही नावं असतील. तुमचं काम मात्र मोडक्यातोडक्या मलयवर भागतं. सगळ्यांचंच भागतं.

इतकी माणसं इथे का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. पश्चिमेकडची गलबतं ज्या वाऱ्यावर येतात, त्या वाऱ्यावर त्यांना परतता येत नाही. चिनी तारवांना इथे आणणारा वारा वेगळा आणि परत नेणारा वेगळा. सुमात्रा आणि मलय द्वीपकल्प यांच्यामधल्या या चिंचोळ्या समुद्रात वादळांचा मारा कमी, त्यामुळे वारा फिरेपर्यंत नांगर टाकून राहायला याहून सोयीची जागा नाही. मलाक्कात म्हणावी अशी शेती नाही. भात जावा, सयाम आणि पेगूहून येतो. घरचं म्हणावं तर आसपासचं कथील आणि समुद्रातली मासळी. शहर जगतं ते लोकांच्या मुक्कामावर.

म्हणूनच इथली व्यवस्था चोख आहे. बंदरावर एक सोडून चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, आहेत: एक खास गुजरात्यांचा, एक तमिळ, बंगाली आणि पेगूवाल्यांचा, एक जावा आणि पूर्वेकडच्या बेटांचा, एक चिनी मंडळींचा. तुमचं गाऱ्हाणं तुमच्या शाहबंदराकडे. तोच वखार मिळवून देतो, तोच माल उतरवायची सोय लावतो. पश्चिमेकडून आलेल्या मालावर जकात शंभराला सहा. पूर्वेकडच्यांना जकात माफ, पण सुलतानाला नजराणा चुकत नाही. भाव ठरवायला नाखव्याने दारोदार हिंडायचं नाही. व्यापाऱ्यांचं एक मंडळ अधिकाऱ्यासमोर बसतं, अख्ख्या गलबताचा माल एका बैठकीत ठोकभावाने उचलतं आणि मग आपसात वाटून घेतं. दोन पैसे कमी मिळतात, पण परतीचा वारा चुकत नाही.

पूल एकदाचा मोकळा होतो आणि तुम्ही उत्तर काठावरच्या उपेह पेठेत पोचता. ताडाच्या पानांनी शाकारलेली घरं, त्यांना खेटून वखारी. शेटजी आधीच येऊन बसलेत. समोर जायफळाची पाटी.

“बघ जरा,” म्हणत ते एक फळ तुमच्या कानाशी हलवतात. कवचात बी खुळखुळली, म्हणजे नीट वाळलेली आहे. मग कवच फोडून ते आतलं जायफळ नखाने खरवडतात. नखाला तेल लागलं की माल पसंत. दुसऱ्या एका जायफळाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. शेटजी काही न बोलता पाटीच बाजूला सारतात. कीड एका फळावर थांबत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तो निमूटपणे दुसरी पाटी ओढतो.

हा माल बांदा बेटांतला. १५१० साली जायफळ आणि जायपत्री जगात दुसरीकडे कुठेही पिकत नाही. शेजारच्या पोत्यातली लवंग त्याहून उत्तरेची, तेर्नाते, तिदोरे आणि आजूबाजूच्या मोजक्या बेटांवरची. चंदन तिमोरचं, भीमसेनी कापूर बोर्निओचा, सोनं सुमात्राचं. तुमच्या गाठोड्यातली पाटोळी याच वाटेने उलटी जातील. बेटांवरच्या लोकांना गुजराती कापडाचं भारी वेड.

पेठेत आणखी एक दृश्य तुम्हाला टाळता येत नाही. कैदेत पडलेले गोरे लोक. मागल्या वर्षी सप्टेंबरात दिओगो लोपेश द सेकैरा पोर्तुगीज जहाजं घेऊन इथे आला होता. सुलतान महमूद शाहच्या माणसांनी त्याच्यावर डाव रचला. तो निसटला, पण रुई द अराउजो आणि त्याचे सोबती किनाऱ्यावर अडकले. नीना चातू नावाचा तमिळ व्यापारी त्यांना गुपचूप मदत करतो आणि त्यांची पत्रंही बाहेर पोचवतो.

तुमच्या पोटात मात्र आग आहे. बरोबर दोन वर्षांपूर्वी, १५०८ च्या डिसेंबरअखेर, फ्रान्सिस्कु द आल्मैदाच्या पोर्तुगीज आरमाराने दाभोळ जाळलं. बायका-मुलांनाही सोडलं नाही. इथल्या लोकांना ही गोष्ट सांगितली की ते हळहळतात आणि पुन्हा भावाचं बोलू लागतात. जी बातमी अजून इथे पोचलेली नाही ती याहून वाईट आहे. २५ नोव्हेंबरला पोर्तुगीजांच्या आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा पुन्हा घेतलं, आणि आता त्याची नजर या बंदरावर आहे.

जानेवारीत शेटजींचं गलबत परतीला लागतं. कारकुनाला जाऊ द्या. तुम्ही मागे राहा आणि सहा महिने पुढे सरका.

१ जुलै १५११. नदीच्या मुखाशी आल्बुकेर्कची सुमारे १८ जहाजं आणि १,२०० माणसं. वाटाघाटी चालतात, कैदी सुटतात, तरी जहाजं हलत नाहीत. बंदरातली गुजराती गलबतं पेटवली जातात, चिनी तारवांना मात्र हात लागत नाही. २५ जुलैला तुमच्या ओळखीच्या पुलावरच लढाई जुंपते. आल्बुकेर्कने नेमकं हेरलंय की हा पूल धरला की शहराचे दोन तुकडे होतात. पहिल्या दिवशी त्याला माघार घ्यावी लागते. मग एका उंच तारवावर तोफा चढवून भरतीच्या पाण्याबरोबर ते पुलाला भिडवलं जातं. १० ऑगस्टला दुसरा हल्ला होतो. महिना संपायच्या आत शहर पोर्तुगीजांचं झालेलं असतं. लुटीतून निवडक घरं वगळली जातात. त्यांत नीना चातूचं घर आहे.

पुढचं काम दगडाचं. मशिदीचे आणि राजघराण्याच्या कबरींचे दगड काढून ‘आ फामोसा’ हा किल्ला उभा राहतो. लुटीने भरलेलं आल्बुकेर्कचं जहाज ‘फ्लोर द ला मार’ त्याच वर्षी सुमात्राजवळ बुडतं. पण खरं नुकसान हळूहळू झालं. मुसलमान व्यापाऱ्यांनी आपली गलबतं अचेह, जोहोर, बांतेन, ब्रुनेईकडे वळवली. बंदर हाती आलं, पण ज्या भरवशावर माणसं इथे थांबत होती तो तोफेने मिळवता येणारा नव्हता. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का घेतलं, तरी त्यांचा मुख्य कारभार बटाव्हियातच राहिला. इंग्रजांनी १८०७ मध्ये तो किल्ला सुरुंग लावून उडवला.

आता आजच्या मलाक्कात या. क्वालालंपूरहून बसने दोनेक तास. प्रत्येक सहल किल्ल्याच्या उरलेल्या एका दरवाज्यापाशी आधी थांबते, सगळे फोटो काढतात. वर टेकडीवर सेंट पॉल चर्चचे अवशेष आहेत. फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये इथे काही महिने पुरलेला होता, पुढे तो गोव्याला नेला. रिकामी कबर तेवढी दाखवतात. टेकडीवरून समुद्र लांब दिसतो, कारण मधली जमीन भर घालून केलेली आहे.

तिथून पूल ओलांडून उत्तरेच्या काठावर जा. काही पावलांच्या अंतरात तुम्हाला १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद, सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी मंदिर आणि १७८१ चं गणपतीचं देऊळ लागेल. ते देऊळ चिट्टी समाजाचं, म्हणजे तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशजांचं. मलय बोलत, मलय पोशाख घालत या मंडळींनी आपला गणपती राखला आहे. तिन्ही ठिकाणी आजही रोजची पूजा-नमाज चालते.

मलाक्काला जाल तेव्हा किल्ल्याच्या दरवाज्याला पंधरा मिनिटं द्या. उरलेला दिवस पलीकडच्या काठाला द्या, शहर तिथल्या लोकांनी घडवलं.