लाल मारणारा निळा

आमच्याकडं रंगाला वस्तूचंच नाव. तपकिरीचा तपकिरी, विटेचा विटकरी, आमसुलाचा आमसुली. किरमिजी तर एका किड्यावरून आलेला, फारसीतून. नाव घेतलं की वस्तू डोळ्यापुढं. पण डाळिंबी म्हणजे दाण्याचा की सालीचा, यावरून लुगडं घेताना बायकांची दुकानदाराशी हुज्जत ठरलेली.

डोंबिवलीत १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत झाली. रंगाचे कारखाने आले, गावाकडची पोरं तिथं लागली. मीही पुढं त्यातलाच. पहिल्याच आठवड्यात ऐकलं, "हा निळा लाल मारतोय." निळा लाल कसा मारेल? मुरबाडकडचा ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, जांभळाकडं झुकला तर लाल, मोराच्या मानेकडं झुकला तर हिरवा." साहेबांच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा हे बरं.

हा निळा म्हणजे तांब्याचं थॅलोसायनिन. १९२८ मध्ये स्कॉटलंडातल्या ग्रेंजमाउथला भांड्याचा मुलामा तडकून लोखंड उघडं पडलं, आत निळा गाळ सापडला. तिथून हे कुळ सुरू झालं. तांब्याचा निळा १९३५ मध्ये बाजारात आला. कलर इंडेक्स या जागतिक यादीत त्याचा क्रमांक ७४१६०, नाव पिग्मेंट ब्लू १५. त्यातला पंधरा-एक लालसर, पंधरा-तीन हिरवट. रेणू एकच, स्फटिकाची बांधणी तेवढी वेगळी.

जुळवणी काचेवर चाले. नमुना आणि लॉट तेलात घोटून शेजारी शेजारी पात्यानं ओढायचे. आधी गडद पाहायचा, मग पांढऱ्यात मिसळून फिका. प्रश्न तीनच: झुकतो कुठं, जोर किती, स्वच्छ की मळका? जोर जास्त असला तर कमी करता येतो, झुकाव सावरता येतो. मळक्याला औषध नाही. रंगात रंग घालाल तेवढा तो आणखी मळतो.

एकदा अख्खा लॉट परत आला. चिठ्ठीत नुसतं 'डल'. मळका की फिका? लोक दोन्हीला तोच शब्द वापरतात. दोन पाळ्या त्या एका शब्दावर गेल्या, हंगामी गड्यांना घरी बसवायची भाषा सुरू झाली. शेवटी आमच्या म्हाताऱ्या शेड-मॅचरनं पट्ट्या ट्यूबलाइटखालून उचलल्या, उत्तरेच्या खिडकीत धरल्या. रंग स्वच्छ होता, जोरच कमी. जोरकस मालात मिसळून लॉट गेला, गडी राहिले.

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याचं, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याचं पेपरात आलं. फोटो पाहून म्हातारा एवढंच म्हणाला, "गुलाबी कसला? राणी आहे हा."