नावांचा प्रवास, औषधांचा प्रवास : सोरायसिसच्या उपचारांचा इतिहास

रोगोपचाराचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीच्या रूपात लिहिला जातो. सोरायसिसच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. त्वचेचा हा दीर्घकालीन दाहजन्य विकार संसर्गजन्य नाही आणि आजही तो समूळ बरा होत नाही. त्यामुळे त्यावरील प्रत्येक उपचार हा लाभ आणि हानी यांच्यामधला एक करार ठरतो. हे करार ज्या भाषांमधून झाले, त्या भाषांनी लाभाची नोंद ठळक अक्षरांत केली आणि हानीची समासात. रोगाची नावे आणि त्यावरची औषधे या दोहोंच्या स्थलांतराचा एकत्रित विचार केल्यास ही विषमता स्पष्ट होते.

आरंभ नावापासून करावा लागतो. ग्रीक भाषेतील ‘लेप्रा’ हा शब्द खवलेवाचक धातूपासून आला असून तो मुळात खपल्या धरणाऱ्या त्वचारोगांना उद्देशून वापरला जाई. हिब्रू धर्मग्रंथातील ‘त्सारात’ या शब्दासाठी ग्रीक भाषांतरकारांनी तोच शब्द योजला. ‘त्सारात’ ही धार्मिक अशुद्धीची कल्पना होती. माणसाच्या त्वचेप्रमाणे वस्त्रांवर आणि घराच्या भिंतींवरही ते प्रकटते, असे ‘लेवीय’ या ग्रंथात सांगितले आहे. पुढे अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा ‘जुधाम’ या नावाने वर्णिलेल्या महारोगालाही ‘लेप्रा’ हेच नाव मिळाले. अशा रीतीने दोन भाषांतरांमुळे खपल्या, अशुद्धी आणि महारोग एकाच शब्दात कोंडले गेले. या व्यापक व्याख्येत सोरायसिसचे रुग्णही सापडले आणि बहिष्काराचे धनी झाले, असे वैद्यकाच्या इतिहासकारांनी मांडले आहे. 1808 च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी या विकाराचे नेमके वर्णन केले, तरी त्याच्या एका रूपाला त्यांनी ‘लेप्रा’ हेच नाव ठेवले. तो शब्द या रोगापासून निर्णायकपणे वेगळा केला तो व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रा यांनी, 1841 मध्ये.

भारतीय परंपरेत शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला दिसतो. चरकसंहितेत ‘कुष्ठ’ ही अनेक त्वचाविकारांना सामावून घेणारी संज्ञा आहे. तिचे सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा प्रकार तेथे केले आहेत. त्यांपैकी घाम न येणारे, विस्तृत जागा व्यापणारे आणि माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे ‘एककुष्ठ’ म्हणजेच सोरायसिस, असे समीकरण आधुनिक वैद्य अनेकदा मांडतात. काहीजण ‘किटिभ’ अधिक जवळचे मानतात. आधुनिक मराठीत मात्र ‘कुष्ठ’ म्हणजे केवळ महारोग. शास्त्रीय वर्गीकरणातील शब्द सामाजिक भयाचा वाहक झाल्यावर जुन्या ग्रंथातील निदान आजच्या मराठीत जसेच्या तसे उच्चारणेही रुग्णाला जाचक ठरते. निराधार कुष्ठरुग्णांना अटक करून आश्रमांत डांबण्याचा अधिकार देणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दाचे वजन कळते.

औषधांच्या प्रवासाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘गोवा पावडर’. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील बाजारांत गजकर्णावर हमखास गुणकारी म्हणून एक पिवळसर चूर्ण या नावाने विकले जाई. कलकत्त्याचे शल्यवैद्य जोसेफ फेरर यांनी 1874 मध्ये त्याकडे युरोपीय वैद्यकाचे लक्ष वेधले. ते वाचून ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर सिल्व्हा लिमा यांनी 1875 मध्ये दाखवून दिले, की हे चूर्ण गोव्याचे नव्हेच. बाहियाच्या जंगलातील ‘अरारोबा’ वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ते साठते आणि पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने गोव्यास पोहोचते. ज्याला हिंदुस्थानात ‘गोव्याचे चूर्ण’ म्हणत, त्यालाच पोर्तुगीज भाषेत ‘बाहियाचे चूर्ण’ म्हणत. प्रत्येक बाजाराने त्याला आपल्याला दिसलेल्या शेवटच्या बंदराचे नाव दिले होते. व्यापारी भाषेने मूळ स्थान पुसले, आणि त्याबरोबर एक अनुभवही पुसला. खोड फोडून हे चूर्ण खरवडणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरा त्याच्या धुळीने चुरचुरत, सुजत. त्याचा दाहक गुणधर्म सर्वप्रथम त्यांच्या शरीरांना ठाऊक होता. पुडीवरच्या नावात तो आला नाही.

लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्या लक्षात आले, की गजकर्णासाठी वापरला जाणारा हा पदार्थ सोरायसिसच्या चट्ट्यांवरही चालतो. या उपचारावरील त्यांचे पुस्तक 1878 मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ निर्विवाद होता : जाड खपल्या झडत आणि त्वचा निवळे. पण भोवतालची निरोगी त्वचा भाजल्यासारखी लाल होई, डोळ्यांस हात लागल्यास तीव्र दाह होई, कपडे आणि अंथरूण-पांघरूण जांभळट तपकिरी डागांनी कायमचे खराब होत. बाहियाच्या मजुराचा त्रास आता लंडनच्या रुग्णाच्या वाट्यास आला आणि तेव्हा कुठे तो वैद्यकीय साहित्यात ‘दुष्परिणाम’ म्हणून नोंदला गेला.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीस मिळेनासा झाला. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी या द्रव्याशी साधर्म्य असलेला कृत्रिम पदार्थ तयार केला आणि 1916 मध्ये गॅलेव्स्की व उना यांनी त्याचा वापर प्रसिद्ध केला. ‘डिथ्रॅनॉल’ या नावाने तो आजही औषधकोशात आहे. तो शरीरात फारसा शोषला जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. डाग आणि दाह हा वारसा मात्र सुटलेला नाही. म्हणून पुढे थोडाच वेळ लावून धुऊन टाकण्याची पद्धत रूढ झाली. आता त्याच्या नावात ना गोवा आहे, ना बाहिया.

पोटात घेण्याच्या औषधांत हा करार अधिक गंभीर होतो. 1786 मध्ये प्रसिद्ध झालेले फाउलरचे सोमलाचे द्रावण पुढील शतकभर सोरायसिसवर दिले गेले. त्वचा निवळे, पण वर्षानुवर्षे ते घेणाऱ्यांत कर्करोग उद्भवतो, हे जोनाथन हचिन्सन यांनी 1887 च्या सुमारास निदर्शनास आणले. विसाव्या शतकातील मेथोट्रेक्सेटची कुळकथा भीमावरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्यापर्यंत जाते. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या फॉलिक आम्लविषयक संशोधनातून अमिनोप्टेरिन निघाले. 1951 मध्ये गब्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना संधिवातासाठी ते देताना सोरायसिसही ओसरतो असे आढळले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत या रोगासाठी 1972 मध्ये मान्यता मिळाली. स्वस्त आणि परिणामकारक असलेले हे औषध यकृतास व अस्थिमज्जेस अपाय करू शकते, गर्भावस्थेत ते वर्ज्य आहे आणि रक्ततपासणीवाचून ते घेणे धोक्याचे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. जेथे औषधपत्र बहुधा इंग्रजीत आणि रुग्ण दुसऱ्या भाषेत जगणारा, तेथे ‘आठवड्यातून एकदा’ या दोन शब्दांचे भाषांतर हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

प्रकाशोपचाराचा मागही असाच बहुभाषिक आहे. आयुर्वेदात बावची श्वित्रावर सांगितली आहे. इजिप्तमध्ये ‘अम्मी माजुस’ या वनस्पतीचे बी देऊन रुग्णास उन्हात बसवीत. त्या बीतील सोरॅलेन द्रव्यांचा आधुनिक वापर कैरोचे अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी कोडावर केला आणि 1974 मध्ये बोस्टनच्या वैद्यांनी सोरॅलेन व अतिनील किरण यांचा संयुक्त उपचार सोरायसिससाठी मांडला. 1979 मध्येच या उपचाराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असा इशारा प्रसिद्ध झाला.

या उपचाराचा प्रारंभीचा लाभार्थी एक कादंबरीकार होता, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकासाठी महत्त्वाची आहे. जॉन अपडाइक यांची ‘फ्रॉम द जर्नल ऑफ अ लेपर’ ही कथा 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक सोरायसिसग्रस्त कुंभार आहे. प्रकाशोपचाराने त्वचा निवळत जाते तशी त्याच्या कामातली निर्दोषतेची असोशी ओसरते आणि प्रेयसीशी असलेले नातेही विस्कटते. शीर्षकातील ‘लेपर’ हा शब्द वैद्यकाने सव्वाशे वर्षांपूर्वी टाकून दिला होता; रुग्णाच्या मनात तो शिल्लक होता, हे कथा जाणून आहे. 1989 च्या आत्मपर ग्रंथातही लोकांसमोर वावरावे न लागणारा लेखनाचा व्यवसाय आणि समुद्रकाठचे गाव यांच्या निवडीमागे ते आपली त्वचाच उभी करतात. कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात न येणारी ही किंमत साहित्याने नोंदवली.

एकविसाव्या शतकातील जैविक औषधांनी परिणामकारकतेची उंची पुष्कळ वाढवली, पण कराराचे स्वरूप बदलले नाही. 2003 मध्ये मान्यता मिळालेले एफालिझुमॅब मेंदूच्या दुर्मीळ व प्राणघातक संसर्गामुळे 2009 मध्ये मागे घ्यावे लागले. टीएनएफ या द्रव्याला अटकाव करणाऱ्या औषधांनी शरीरात सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात तपासणीवाचून ती देता येत नाहीत. शिवाय त्यांची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर राहते.

2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिस हा असंसर्गजन्य, वेदनादायक आणि व्यंग आणणारा दीर्घकालीन रोग असल्याचा ठराव केला. हेब्रांच्या निवाड्यानंतर जवळजवळ पावणेदोन शतकांनीही ‘असंसर्गजन्य’ हा शब्द ठरावात लिहावा लागला, यातच जुन्या भाषांतरांचा टिकाऊपणा दिसतो. सोरायसिसवरील उपचारांचा इतिहास लिहिताना म्हणूनच वैद्यकीय अहवालाबरोबर बाजारातील नाव, पुडीवरची सूचना, मजुराचा अनुभव आणि रुग्णाची कथा हीदेखील साधने मानावी लागतात. औषधाच्या लाभाची नोंद सर्वांना वाचता येईल अशा जागी होते. त्याची हानी ज्याच्या अंगावर उमटते त्याच्या भाषेत ती शोधावी लागते.