कडकट्ट ते टकटक

२०१३ सालच्या जुलै महिन्यात भारतातली तार बंद झाली. दीडशेहून अधिक वर्षे जिने नेमणुका कळवल्या, लग्नाचे आशीर्वाद पोचवले आणि घराघरांत रडारड उडवली, ती शेवटच्या दिवशी मोठ्या थाटाने गेली. जन्मात कधी तार न केलेली तरुण मंडळी आठवण म्हणून तारघरापुढे रांगा लावून उभी राहिली. लगेच पुढच्या महिन्यात अमेरिकेत ‘स्लॅक’ नावाचे एक नवे साधन चाचणीसाठी लोकांपुढे आले. एका कचेरीतल्या माणसांनी आपापल्या संगणकावरून वा फोनवरून एकमेकांशी लेखी बोलावे, एवढाच त्याचा उद्देश. दोन्ही घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण एका घरातली म्हातारी जावी आणि शेजारी बारसे निघावे, तसे हे झाले खरे.

तारेला शब्दागणिक पैसे पडत, हा तिचा मोठा गुण. त्यामुळे माणूस लिहिण्याआधी विचार करी. मात्र पैसे वाचवायचे म्हणून सौजन्य सोडावे, असे कोणाला वाटले नाही. तारखात्याने शुभेच्छांना क्रमांकच देऊन ठेवले होते. दिवाळीचा वेगळा, लग्नाचा वेगळा. आकडा लिहून द्यावा, पलीकडे अख्खे वाक्य पोचे. तारमास्तरांनी आपसांतही अशीच सोय केली होती. अमेरिकेत १८५९ पासून आकड्यांची एक यादी रूढ होती. तीत ‘३०’ म्हणजे मजकूर संपला आणि ‘७३’ म्हणजे आपणांस नमस्कार. ज्याचे तोंडही कधी पाहिलेले नाही, अशा शेकडो कोसांवरच्या सहकाऱ्याला हा नमस्कार घालण्याची रीत पडली. हौशी रेडिओवाले तो आजही घालतात. कडकट्टच्या त्या घाईतही नमस्काराला दोन आकड्यांची जागा निघत असे!

स्लॅकची जन्मकथा मोठी मजेची आहे. स्ट्यूअर्ट बटरफील्ड आणि त्यांचे सोबती ‘ग्लिच’ नावाचा एक संगणकीय खेळ रचीत होते. माणसे कॅनडातल्या व्हँकूव्हरला आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला विखुरलेली. बोलण्यासाठी ती ‘आयआरसी’ ही जुनी व्यवस्था वापरीत. फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी ती १९८८ साली रचली होती. तिच्यात गैरहजर माणसाला मागचे बोलणे वाचता येत नसे, म्हणून या मंडळींनी ते जपण्याची आणि शोधण्याची सोय जोडली. २०१२ च्या अखेरीस खेळ बुडाला, सोय तेवढी उरली. २०१४ च्या फेब्रुवारीत ती सर्वांना खुली झाली आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीने ती २७ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतली. करायला गेले माकड आणि झाला गणपती, असे क्वचितच घडते.

पण येथे शब्द फुकट होता, आणि फुकटच्या वस्तूची उधळण व्हायचीच. कोणी नुसतेच ‘हॅलो’ लिही आणि गप्प बसे. पलीकडचा बिचारा हातचे काम टाकून, आता काय येते म्हणून पाहत राही. पुढचा मजकूर येई दहा मिनिटांनी, तोही पाच तुकड्यांत. आपल्या जुन्या पत्रांतले मायने लांबलचक असत, त्यांची आपण थट्टाही करतो. पण मायना आज आणि मजकूर उद्या, असे दोन जासूद कोणी धाडले नाहीत. शिवछत्रपतींच्या पत्रांत तर शेवटी मर्यादेची वेगळी लहान मुद्रा उमटे. पत्र येथे संपले. वाचणाऱ्याने आता निःशंक व्हावे.

दुसरा उपद्रव दवंडीचा. एका चिन्हासरशी सगळ्या कचेरीला हाक मारता येते, म्हणून चहाच्या कपासाठीही दवंडी पिटली जाऊ लागली. स्लॅकवाल्यांनी अखेर ओरडणाऱ्या कोंबड्याचे एक चित्र पुढे केले. मोठ्या गटात ऊठसूट सर्वांना हाक मारणाऱ्याच्या पुढ्यात हा कोंबडा उभा राही. शिवाय, आपली हाक किती जणांना आणि किती निरनिराळ्या घड्याळांच्या मुलखांत ऐकू जाणार आहे, हेही आधी बजावले जाई. त्या एका वाक्यात मला सगळा शिष्टाचार दिसतो: आपण बोलत असताना कोणीतरी झोपलेले असते. २०१५ साली उत्तराऐवजी अंगठ्याचे वा हसऱ्या तोंडाचे चित्र उमटवता येऊ लागले आणि वीस जणांच्या ‘बरे’, ‘ठीक’ची रांग थांबली. तारखात्याच्या क्रमांकांचाच हा दुसरा अवतार! २०१७ मध्ये एका विषयाची उत्तरे त्या विषयाखालीच लिहिण्याची सोय आली.

तरी खरा प्रश्न रात्रीचा होता. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या टाळेबंदीने कचेरी घरात आणली. जेवणाच्या मेजावर मुलांचे दप्तर आणि सूनबाईंचा संगणक शेजारी शेजारी आले. स्लॅकचा इशारा दारावर टकटक केल्यासारखा वाजतो. दारावरच्या माणसाला ‘उद्या या’ म्हणता येते, साहेबांच्या टकटकीला कसे म्हणावे? साहेब रात्री दहाला ‘सवडीने पाहा’ असे लिहितात, तेव्हा त्यांचा हेतू निर्मळ असेलही; पण नोकरीत नव्याने लागलेल्या मुलीला तो हुकूमच वाटतो आणि हातातला घास तसाच राहतो. नुसत्या सज्जनपणावर हे भागणारे नव्हते. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामगारांशी या बाबतीत बोलणी करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा काही झाला नाही. बहुतेक खाजगी विधेयकांच्या नशिबी तेच येते.

स्लॅकमध्ये मात्र २०२१ साली एक लहानशी सोय आली. साहेबांनी रात्री अकराला सुचलेले अकरालाच लिहून ठेवावे आणि वेळ नेमून द्यावी. मजकूर सकाळी नऊला पोचतो. तोवर सूनबाईंचे जेवण झालेले असते, झोपही झालेली असते.