खुराक आणि प्रोटीनचा डबा

मावळात गावजत्रेला कुस्तीचा आखाडा भरतो, आणि तळेगाव-लोणावळ्यात जिमही चालतात. तालमीतला पोरगा थंडाई पितो, जिममधला शेकर हलवतो. कोणता पेला घ्यावा, हे आधी ताटात प्रथिनं किती कमी पडतात त्यावर ठरतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजनं उचलणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅम लागतात. त्यापुढे स्नायूंना फारसा लाभ दिसत नाही. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी तांदळाचा भातही यात भर घालतो. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते आमटीतल्या डाळीतून मिळतं. एवढ्यावर ९६ मात्र गाठता येत नाहीत.

आता थंडाई. अर्धा लिटर गायीच्या दुधात सोळा ग्रॅम, पन्नास ग्रॅम बदामांत दहा, एकूण सव्वीस. व्हे पावडरचा एक चमचाही साधारण चोवीस ग्रॅमच देतो! खरा फरक उष्मांकांचा आहे: थंडाई साखरेशिवायच सहाशेच्या वर जाते, पावडर एकशे वीसच्या आसपास राहते. रोज शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाला ते सहाशे हवेतच. एमआयडीसीत दिवसभर बसून काम करून संध्याकाळी तासभर जिमला जाणाऱ्याच्या पोटावर मात्र त्यांची चरबी साठते. खुराकातल्या तुपात तर प्रथिनं जवळपास नाहीतच.

व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन. दुधातल्या प्रथिनांत ते सुमारे वीस टक्केच असतं, बाकीचं केसीन. व्हे लवकर पचतं आणि स्नायूंची बांधणी सुरू करणारं ल्युसिन त्यात भरपूर असतं. दूध बाधत असेल, तर लॅक्टोज जवळजवळ काढलेलं आयसोलेट घ्यावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

डब्यावर शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती, ते आधी वाचावं. सत्तरच्या वर असतील तर ती खरी प्रोटीन पावडर. वजन वाढवायच्या ‘मास गेनर’ पावडरीत बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टच असतं, आणि पोरं त्यालाच प्रोटीन समजून पैसे मोजतात, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरी फसवणूक सूक्ष्म आहे. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, म्हणून ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन सुटं लिहिलेलं दिसलं, तर तो डबा दुकानातच ठेवावा.