दोन झाडं, चार रंग

आज आम्ही युरोपातल्या दोन झाडांची गोष्ट सांगणार आहोत.

पहिलं बकथॉर्न. काटेरी झुडूप, मिरीएवढी फळं. कच्ची फळं उकळायची, त्यात तुरटीच्या पाण्यात भिजवलेली लोकर टाकायची, की ती पिवळी होते. पिकल्या फळांच्या रसात तुरटी घातली की हिरवा रंग मिळतो. जुन्या पोथ्यांतली चित्रं त्यानं रंगवत.

दुसरं ऑल्डर, ओढ्याकाठचं झाड. त्याची साल उकळली की तपकिरी रंग. उत्तरेकडचे सामी लोक त्यानं कातडं तांबूस करत. स्कॉटलंडच्या डोंगरात त्याच सालीत लोखंड मिसळून लोकर काळी करत.

म्हणजे नुसतं झाड असून भागत नव्हतं. त्यात काय, केव्हा घालायचं हे ठाऊक लागे. घरच्या कपड्यांच्या रंगाईचं हे ज्ञान बहुतेक बायकांकडे होतं. ते आईकडून लेकीकडे जाई, कागदावर क्वचितच उतरे.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं डांबरातून जांभळा रंग काढला. मग कारखान्यांचे रंग स्वस्त झाले आणि गावोगावच्या रंगाच्या चुली विझत गेल्या. झाडं राहिली, कृती हरवल्या.

आपला हिरडा याच जातकुळीतला. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की काळा रंग येतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाया हिरडा वेचतात आणि किलोवर विकतात. पोत्यात हिरडा जातो, त्यातला रंग कुणाच्या हिशेबात येत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत थोरल्या बायांना विचारा, तुमच्याकडे कापड कशानं रंगवत? सांगतील ते वहीत लिहून ठेवा.