स्टेरॉइड स्वस्त केलं बुरशीनं. ‘काळी बुरशी’ही तिच्याच कुळातली

दमा, संधिवात, अ‍ॅलर्जी, त्वचेचे विकार, कोविड. अशा कितीतरी आजारांत डॉक्टर स्टेरॉइड देतात. आज ही गोळी काही रुपयांत मिळते, आणि त्यामागं शिळ्या पावावर धरणाऱ्या बुरशीचं मोठं काम आहे.

आधी काय होतं?

सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका महिलेला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध बनवायचं कसं? बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून तिसाहून जास्त टप्पे पार करावे लागत. भाव होता ग्रॅमला सुमारे 200 डॉलर.

अडचण एकाच जागी होती. स्टेरॉइडच्या रेणूत 11 क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन बसवायचा होता. रसायनांनी नेमक्या त्याच जागी तो बसवणं महाकठीण.

बुरशीनं काय केलं?

रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदापासून (आपल्याकडच्या कोनफळ-करांद्याच्या कुळातला) प्रोजेस्टेरॉन स्वस्तात बनवून दाखवलं होतं. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी हे प्रोजेस्टेरॉन ‘रायझोपस’ बुरशीला दिलं. तिच्या एन्झाइमनं एकाच टप्प्यात हवा तिथं ऑक्सिजन बसवला. पुढं भाव ग्रॅमला 6 डॉलरपर्यंत उतरला.

पेनिसिलिन बुरशी स्वतः तयार करते. इथं तसं नाही. तयार रेणू तिच्या हाती द्यायचा आणि एवढाच बदल करून घ्यायचा. यालाच सूक्ष्मजैविक रूपांतरण म्हणतात. पुढं एका जीवाणूकडून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेऊन प्रेडनिसोलोन मिळालं. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे चौपट प्रभावी. कोलेस्टेरॉलवरचं प्राव्हास्टॅटिनही अशाच पद्धतीनं, एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूच्या मदतीनं बनतं.

दुसरी बाजू

जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोनमुळं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा झाला नाही. तरीही 2021 च्या दुसऱ्या लाटेत ते अनेकांना गरजेपेक्षा जास्त दिलं गेलं. स्टेरॉइडनं साखर वाढते, प्रतिकारशक्ती दबते. त्यातच मधुमेह. मग म्युकरमायकोसिसनं गाठलं. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, तेलंगणात कितीतरी जणांचे डोळे, जबडे काढावे लागले.

या रोगाचं सर्वात मोठं कारण ‘रायझोपस अऱ्हायझस’. पीटरसन-मरे यांच्या पहिल्या प्रयोगातही हीच जात होती! (बुरशी मुळात काळी नसते, मेलेलं मांस काळं पडतं.)

लक्षात ठेवा

– जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका.
– दीर्घकाळ चालू असेल तर मनानं एकदम बंदही करू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.
– मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, साखर तपासत राहा.

औषध स्वस्त झालं म्हणून ते साधं झालं, असं नाही.